दोन दिवसांचं न्यूड फोटोग्राफी वर्कशॉप: क्रिटिकला मॉडेलताईही बसल्या होत्या

गेल्या महिन्यात पुण्यात फिगर स्टडीचं वर्कशॉप केलं. शनिवार-रविवार, सहा जणांची बॅच, फी साडेनऊ हजार, त्यात स्टुडिओ, लाइट्स आणि मॉडेलचं मानधन सगळं आलं, कॅमेरा तेवढा आपला न्यायचा. वर्कशॉपचं आणि सरांचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण ज्या ताई मॉडेल म्हणून बसल्या त्यांच्या शेजारीपाजारी कोणाला हे काम माहीत नाही, आणि नाव टाकलं की शोधणारे शोधतातच. ज्यांना खरंच करायचंय त्यांना फोटोग्राफीच्या ग्रुपमधे विचारलं की कळेल. तरी रिव्ह्यू लिहितेय कारण आपल्याकडे न्यूड फोटोवर कोणी धड बोलत नाही, एकतर "अप्रतिम" नाहीतर "शी काय हे", आणि दोन्हीने फोटो सुधारत नाही.

मी बँकेत आहे, शनिवार-रविवार फोटो काढते, पोर्ट्रेट बरीच वर्षं झाली, न्यूड दोनच वर्षं, तेही एका जवळच्या मैत्रिणीचे, तिच्याच घरी. पाच फोटो घेऊन या असं आधी कळवलं होतं, सकाळी नऊला क्रिटिकला, म्हणजे एकमेकांच्या फोटोंवर बोलायला, बसलो आणि सरांनी फोटो लावला की पहिली पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, फक्त बघायचं, मग प्रत्येकाने सांगायचं की नजर आधी कुठे गेली आणि शेवटी कुठे अडकली. माझा पहिला फोटो पाठमोरा, खिडकीशेजारी बसलेली, मला स्वतःला फार आवडायचा. सहापैकी चौघांची नजर अडकली होती पडद्याच्या कडेला असलेल्या एका उजळ पट्टीवर! दोन वर्षं तो फोटो माझ्या फोनवर होता आणि मला ती पट्टी दिसली नव्हती. दुसरं म्हणजे कोपर नेमकं सांध्यावर फ्रेमने कापलं गेलेलं. सर म्हणाले की सांध्यावर कापलं की डोळ्याला तो अवयव तुटल्यासारखा वाटतो, कापायचंच तर दंडाच्या मधे कापा, नाहीतर पूर्ण आत घ्या. पोर्ट्रेटमधे हे मला पाठ आहे, पण समोर कपडे नसले की आपण एवढे अवघडून जातो की येत असलेलं सुद्धा विसरतो.

तिसऱ्या फोटोत गुडघा डोक्यापेक्षा मोठा दिसत होता, कारण जागा लहान म्हणून मी पस्तीस एमएमची वाइड लेन्स लावून अगदी जवळ गेले होते. तिथे सरांनी बिल ब्रँट या ब्रिटिश फोटोग्राफरचे फोटो दाखवले. ब्रँटने एक जुना लाकडी कोडॅक कॅमेरा वापरला होता, पोलिस गुन्ह्याच्या जागेचे फोटो घ्यायला वापरायचे तसला, भिंग प्रचंड वाइड, त्यात कान, पाय, हात सगळं डोंगरासारखं होतं आणि बघत रहावं असं होतं. फरक एवढाच की ब्रँटने गुडघा मोठा केला होता आणि माझ्याकडून तो मोठा झाला होता. हे मला इतकं पटलं की रात्री घरी जाऊन सगळे जुने फोटो उघडले आणि प्रत्येकात हेच शोधत बसले, की हे मी केलंय का झालंय.

दुपारी शूट. ताई साधारण चाळिशीच्या, कला महाविद्यालयात बरीच वर्षं मुलांसमोर बसतात, त्यामुळे बसण्याची सवय आमच्यापेक्षा त्यांना जास्त. नियम स्पष्ट होते आणि ते आवडले: मोबाईल बाहेर डब्यात, पोज सोडली की लगेच गाऊन, हात लावून पोज दुरुस्त करायची नाही, तोंडाने सांगायचं किंवा स्वतः करून दाखवायचं, आणि स्टुडिओत एक बाई असिस्टंट पूर्ण वेळ.

माझी पहिली चूक इथेच झाली. मी त्यांना म्हणाले "ताई पोट जरा आत घ्या". त्यांनी घेतलं. सरांनी मला थांबवून स्क्रीनवर दाखवलं, पोट आत गेलं तसे खांदे वर आले, मानेच्या शिरा ताणल्या, बरगड्या दिसायला लागल्या, अख्खा माणूस घाबरल्यासारखा. मग म्हणाले, त्यांना सावकाश श्वास सोडायला सांगा आणि श्वास संपतो तिथे क्लिक करा. एवढ्याने फोटो बदलला. खांदा खाली आला आणि मानेपासून दंडापर्यंतची रेघ एका दमात वाहिली, त्याच लाइटमधे, त्याच पोजमधे. हाताचंही तसंच, पंजा कॅमेऱ्याकडे सपाट असला की उलथन्यासारखा दिसतो, करंगळीची कड कॅमेऱ्याकडे वळवली की हात बारीक आणि जिवंत होतो.

लाइटवर जवळजवळ दोन तास गेले आणि माझ्या मते साडेनऊ हजारातले निम्मे इथेच वसूल झाले. आम्ही सगळे सवयीने सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारा पांढऱ्या पडद्याचा लाइट, पुढून लावत होतो, आणि पुढून लाइट टाकला की शरीर सपाट होतं, मग उरतं ते फक्त कपडे नसणं. सरांनी तोच सॉफ्टबॉक्स बाजूला, जवळजवळ पाठीमागे नेला, लाइट त्वचेला घासून जाईल असा, आणि विरुद्ध बाजूला रिफ्लेक्टर म्हणून ठेवलेलं पांढरं थर्मोकोल काढून काळं लावलं. काळ्यामुळे सावली भरून येत नाही, उलट अजून गडद होते, आणि पाठीचा कणा, खांद्याचं हाड, कंबरेची खळगी सगळं आपोआप कोरल्यासारखं दिसायला लागतं. भिंतीवर सांडणारा उजेड एका कटरने, म्हणजे उजेड अडवणाऱ्या काळ्या पट्टीने, अडवला. बस. एक लाइट, एक काळं थर्मोकोल, एक कटर.

आता रविवार, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय. सकाळी शनिवारच्या फोटोंचं क्रिटिक होतं आणि ताई साडी नेसून आमच्यातच खुर्ची घेऊन बसल्या. मी असं कुठे पाहिलं नव्हतं. मॉडेलवर बोलतात, मॉडेलशी कोणी बोलत नाही. आधी सगळेच अवघडलो, "बॉडी", "कर्व्ह" वगैरे शब्द जे आदल्या दिवशी सहज येत होते ते तोंडातून निघेनात, आणि त्यामुळेच बोलणं सुधारलं, लोक उजेड कुठून येतोय, वजन कुठल्या पायावर आहे यावर बोलायला लागले.

माझा फोटो लागला. मला वाटलेलं की हा चांगलाच आहे. ताईंनी बघितला आणि साधेपणाने विचारलं, "ही कोण?" मला कळेना. म्हणाल्या, "मी एवढी गोरी नाहीये."

खरं होतं. रात्री एडिट करताना मी एक्स्पोजर वर नेलं होतं, मग ब्लॅक अँड व्हाइट करताना लाल चॅनल वाढवला होता, आणि लाल वाढवला की त्वचा उजळते, डाग, सुरकुत्या सगळं पुसलं जातं. मी ते ठरवून केलं नव्हतं, हातच तसा पडतो, कारण पोर्ट्रेट काढताना इतकी वर्षं लोक हेच मागतात, जरा उजळ करा. ताई सावळ्या आहेत. सावळ्या त्वचेवर आकार दिसतो तो तिच्यावर पडलेल्या चमकेमुळे, लाइट घासून गेला की खांद्यावर, कुल्ल्यावर एक उजळ रेघ येते आणि बाकीचं गडद राहतं. ती रेघ जळू न देता एक्स्पोजर ठेवायचं आणि गडद भाग गडदच राहू द्यायचा, ते माझं काम होतं. मी तो गडद भाग वर ओढून करडा करून ठेवला होता, म्हणजे आदल्या दिवशी काळं थर्मोकोल लावून जे कमावलं ते लॅपटॉपवर घालवलं.

आणि अजून एक. मी त्यांच्या पोटावरची टाक्यांची खूण काढून टाकली होती. न विचारता. ताई म्हणाल्या, "ती माझ्या मुलीची आहे, राहू दे." मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, कोणाला काढून हवी असेल तर काढा, पण विचारा.

मग सरांनी अमेरिकन फोटोग्राफर एडवर्ड वेस्टनचा 1936 चा फोटो लावला, त्याची मॉडेल कॅरिस विल्सनचा, दारात बसलेली, मान खाली घातलेली, चेहरा दिसतच नाही, हात-पाय मिळून एक बंद आकार. जगभर हा फोटो नमुना म्हणून दाखवतात. पण वेस्टनला त्यातली उजव्या हातावरची सावली कायम खटकत राहिली, आणि कॅरिसला खटकायचा तिचा वाकडा भांग आणि केसातल्या पिना. फोटोग्राफरला उजेडातली चूक दिसली, मॉडेलला स्वतःची दिसली, आणि दोघांचंही बरोबर होतं! भांग मला आजवर कधी दिसला नव्हता, आता तो आधी दिसतो.

दुपारी परत शूट, चुका दुरुस्त करायला. शूट, क्रिटिक, परत शूट हा क्रम फार महत्त्वाचा आहे, नुसतं क्रिटिक ऐकून घरी गेले असते तर आठवड्यात विसरले असते. मी तीच पोज परत मागितली, ताईंनीच सुचवलं की मान थोडी भिंतीकडे वळवते, नाहीतर माझा खांदा कानाला चिकटतो. बरोबर होतं. तो एक फोटो मला दोन वर्षांत मिळाला नव्हता असा मिळाला.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. पहिलं, एसी. कॅमेरे घेतलेल्या सहा माणसांना बरं वाटेल एवढं थंड होतं, ताईंच्या हातावर काटा आला तेव्हा कुणाच्यातरी लक्षात आलं. कपडे काढलेल्या माणसाच्या हिशोबाने खोली गरम पाहिजे, बाकीच्यांनी घाम पुसावा. दुसरं, घट्ट इलॅस्टिकचे वळ जायला तासभर तरी लागतो, सैल कपड्यात या असं त्यांना आधी कोणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे शनिवारचा एक तास गेला, आणि त्यांना उगाच त्यांची चूक असल्यासारखं वाटलं, जी आयोजकांची होती. तिसरं, क्रिटिक सगळं प्रोजेक्टरवर. मी नंतर तो फोटो तेरा बाय एकोणीस इंची मॅट (बिनचमकीच्या) पेपरवर प्रिंट केला तर सावल्या पार बुजल्या, मॅट पेपर तेवढा खोल काळा देत नाही, सावली थोडी उघडून परत काढावा लागला, बरायटा या किंचित चमक असलेल्या पेपरवर तेच पहिल्याच प्रिंटला नीट आलं. लो-की, म्हणजे बराचसा गडद असलेल्या, फोटोचं वर्कशॉप असेल तर निदान दोन प्रिंट हातात द्यायला हव्यात.

चौथं जास्त गंभीर आहे. संमतीचा फॉर्म इंग्रजीत होता आणि त्यात फोटो कुठेही, कितीही काळ वापरता येतील असं एक वाक्य होतं. ताई मराठी वाचतात. आमच्यातल्या एका वकील मुलाने ते वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या की प्रदर्शनात चालेल, इंटरनेटवर नको, चेहरा तर नकोच. मग हाताने मराठीत लिहून सगळ्यांनी सह्या केल्या. त्याच मुलाने जेवताना सांगितलं की सुप्रीम कोर्टाने 2014 साली, टेनिसपटू बोरिस बेकरच्या फोटोच्या केसमधे, नग्न फोटो केवळ नग्न आहे म्हणून अश्लील ठरत नाही, संदर्भ बघावा लागतो असं म्हटलंय, आणि 1954 मधे मुंबईत चित्रकार अकबर पदमसींवर चित्रावरून केस झाली होती ती ते जिंकले होते. हे ऐकून बरं वाटलं, पण कोर्टात आपण जिंकू हा वेगळा प्रश्न आणि ताईंना काय चालेल हा वेगळा, दुसऱ्याचं उत्तर फॉर्ममधे त्यांना वाचता येईल अशा भाषेत असायलाच हवं. मी आयोजकांना तसं लिहून पाठवलं. परवा उत्तर आलं की पुढच्या बॅचपासून मराठी फॉर्म, वापराचे वेगवेगळे रकाने, आणि मॉडेलला एक प्रत.

पैसे वसूल का, तर हो. पण अगदी नवीन असाल, मॅन्युअल मोड येत नसेल तर आधी कपड्यातल्या माणसांवर एका लाइटचा सराव करा, इथे ते शिकवायला वेळ नाही. जाताना पंच्याऐंशी एमएमच्या आसपासची लेन्स न्या आणि एडिट करायला कॅलिब्रेट केलेला (स्क्रीनचे रंग-उजेड तपासून नीट केलेला) लॅपटॉप असेल तर तो न्या.

ताईंना मी दुसऱ्या दिवशीच्या फोटोची पाच बाय सातची एक प्रिंट दिली, मागून घेतलेला, चेहरा नाही. त्यांनी खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिली, म्हणाल्या "रंग माझा आहे", आणि पर्समधल्या वहीत ठेवली.