इंदूर की त्रिएस्ते? जुन्या वस्तूंवर सिंक्रोट्रॉनचं काम शिकायचंय तर नागपूरच्या पोरांनी सुरुवात कुठून करावी

मागच्या आठवड्यात दोन ज्युनियर घरी आले होते, ती फिजिक्समध्ये एमएस्सी झालेली आणि तो पुरातत्त्ववाला, आणि दोघांचा प्रश्न एकच, दादा इंदूरला जायचं का सरळ युरोपातल्या ट्रेनिंग स्कूलला अर्ज टाकायचा. दरवर्षी कोणी ना कोणी हे विचारतंच, म्हणून त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो.

आधी थोडक्यात सिंक्रोट्रॉन या मशीनचं. इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने गोल फिरवायचे, चुंबकाने वळवताना ते जो प्रचंड तेजस्वी प्रकाश फेकतात त्यातले एक्स-रे वापरायचे, बस. एक्सआरएफ, म्हणजे एक्स-रे मारून वस्तूत कोणती मूलद्रव्यं आहेत ते ओळखणं, हे तर इतवारीच्या सराफ्यातही माहीत आहे, सोन्याची शुद्धता बघायचं ते मशीन एक्सआरएफच असतं. मग सिंक्रोट्रॉन कशाला? जुन्या भारतीय काचेच्या मण्यांचं बघा. निळा मणी आणि विटकरी लाल मणी, दोन्हींचा रंग तांब्यामुळे असू शकतो, हातात धरायची एक्सआरएफ गन दोन्हीकडे फक्त "तांबं आहे" एवढंच सांगते. निळ्यात तांबं ऑक्सिडाइज्ड असतं, अपारदर्शक लाल काचेत ते धातूच्या किंवा क्युप्रस ऑक्साइडच्या बारीक कणांच्या रूपात असतं, म्हणजे भट्टीतली हवा कोंडून काच बनवली होती. कारागिराच्या हाताचं हे कसब कळायला एक्स-रेची ऊर्जा तांब्याच्या एजभोवती, म्हणजे ज्या ऊर्जेला तांबं एक्स-रे एकदम जास्त शोषायला लागतं तिच्याभोवती, ८९७९ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, अगदी बारीक पायऱ्यांनी बदलत न्यावी लागते, आणि मण्याच्या एका ठिपक्यावर ते झटपट आणि नीट करायला सिंक्रोट्रॉनच लागतो.

आता इंदूर. आरआरकॅट या सरकारी संशोधन केंद्रात इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आहे, २.५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टचा, रिंगचा घेर १७२.५ मीटर. रिंगमधून एक्स-रे बाहेर काढून प्रयोग करायची जागा म्हणजे बीमलाइन. आपल्या कामाला मायक्रो-एक्सआरएफची बीमलाइन आहे, एक्झाफ्सच्या (वर सांगितलेली एजभोवतीची मोजणी) आहेत, स्फटिकरचना बघायची डिफ्रॅक्शनची आहे, इमेजिंगचीही आहे. कॉलेज-युनिव्हर्सिटीवाल्यांना बीमटाइमचे, म्हणजे बीमलाइनवर मिळणाऱ्या वेळेचे, पैसे पडत नाहीत, प्रपोजल लिहायचं, ते मंजूर व्हायला हवं. नागपूरहून वंदे भारत भोपाळ-उज्जैन करत इंदूरला जाते, दुपारी निघालं की रात्री तिथे. पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो, तिथे तुम्हाला कोणी अआइईपासून शिकवत बसणार नाही. शिफ्ट मिळाली की ती रात्रंदिवस चालते, सॅम्पल तयार हवेत, प्रश्न तयार हवा. बीमलाइनवरचे लोक मनापासून मदत करतात, पण "हा मणी का आणला" याचं उत्तर तुमचं तुम्हालाच द्यावं लागतं.

इटलीतल्या त्रिएस्तेचं उलट आहे. तिथे आयसीटीपी आहे, अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये उभी केलेली भौतिकशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था, आणि शहराबाहेरच्या पठारावर एलेट्रा सिंक्रोट्रॉन. एलेट्राच्या एक्सआरएफ बीमलाइनवर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं स्वतःचं उपकरण बसवलेलं आहे, आणि विकसनशील देशांतल्या तरुण संशोधकांना शिकवायला ते वापरत आलेत. आयसीटीपीच्या स्कूलला सहसा नोंदणी फी नसते, प्रवासखर्च काही जणांनाच मिळतो. लेक्चर, हातात डेटा, मग तो डेटा फिट करायला, म्हणजे मोजलेल्या आलेखाशी गणित जुळवून उत्तर काढायला, शिकवणं, हे सगळं पद्धतशीर, आणि शेजारी इजिप्तची, पेरूची पोरं बसलेली, त्यांच्या वस्तूंबद्दल ऐकून डोकं उघडतं. फ्रान्समधल्या ग्रेनोबलचं हर्क्युलिस स्कूल १९९१ पासून चालू आहे, तेही नावाजलेलं, पण ते पीएचडी-पोस्टडॉकवाल्यांसाठी, न्यूट्रॉनपासून सगळं शिकवतात आणि महिन्याच्या वर काढावा लागतो, फक्त पुरावशेषांसाठी मी त्याच्या मागे लागणार नाही.

शिकण्यापुरतं बघितलं तर त्रिएस्ते नक्की उजवं. मग मी इंदूरचं नाव का घेऊन राहिलो? कारण तुमची वस्तू त्रिएस्तेला येऊ शकत नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने साधारण शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकार आणि त्याने नेमलेल्या संस्थेलाच आहे. नागपूरजवळच्या माहूरझरीच्या प्राचीन वस्तीतला मणी खिशात घालून विमानात बसणं हा सरळ गुन्हा आहे, "फक्त टेस्टिंगला नेतोय" हे कारण चालत नाही. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या गुहांमधल्या सातव्या शतकाच्या चित्रांत तेल वापरलेलं सापडलं ते ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर, २००८ साली, पण तिथे भिंत नाही, रंगाचे बारीक कण गेले होते. आपल्याकडे असा कण काढायलाही वस्तू ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी लागतेच. म्हणजे त्रिएस्तेत तुम्ही रेफरन्स सॅम्पलवर, म्हणजे घटक आधीच माहीत असलेल्या नमुन्यांवर, हात बसवाल, आणि विदर्भातल्या मण्यांवरचं काम शेवटी इंदूरलाच होईल.

तिसरा पर्याय कोणी विचारत नाही आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी, नागपुरात. विदर्भातल्या नायकुंडला लोखंड गाळायची प्राचीन भट्टी सापडली ना, तसल्या भट्टीची मळी तपासायला सिंक्रोट्रॉन लागतच नाही, एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) आणि साधं एक्सआरडी (एक्स-रे डिफ्रॅक्शन) पुरतं, आणि ही उपकरणं आपल्या शहरात आहेत. तांब्याच्या वस्तूंचंही तसंच, माहूरझरीला दफनात घोड्याच्या डोक्यावरचे तांब्याचे दागिने मिळालेत, असल्या वस्तूवर गन टेकवली तर ती गंजाचा थर वाचते, आतला धातू नाही, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढच्या मोठ्या मशीनला काय विचारायचं तेच कळत नाही.

मी हे चुकून शिकलो. एका लॅबमध्ये मणी हलू नयेत म्हणून मुलांची खेळायची प्लास्टिसिन माती लावून बसवले होते. प्रत्येक मण्यात कॅल्शियम, भरपूर, सगळीकडे सारखं. मी दोन दिवस चुन्याच्या काचेची थिअरी मांडत होतो. मग नुसती माती मशीनखाली ठेवली तर आलेखात कॅल्शियमचा तोच सुळका, तेवढाच उंच, कारण प्लास्टिसिनमध्ये खडूची पूड असते. दोन दिवसांची रीडिंग फुकट गेली, पण ती गन नागपुरातली होती म्हणून दोन दिवसच. बीमलाइनवर हीच चूक केली असती तर अख्खा बीमटाइम गेला असता आणि पुढचं प्रपोजल लिहायला तोंड राहिलं नसतं. आता मणी कॅप्टॉन नावाच्या प्लास्टिकच्या पातळ टेपवर बसवतो, आणि रिकाम्या टेपचं रीडिंग आधी घेतो.

अजून एक, हे मात्र कुठेही जा, लक्षात ठेवा. तीव्र एक्स-रेने काच तपकिरी पडू शकते. आणि खापराचं वय थर्मोल्युमिनेसन्सने, म्हणजे ते तापवल्यावर निघणाऱ्या मंद प्रकाशावरून, काढायचं असेल तर त्याचा तुकडा बीमखाली जायच्या आधीच वेगळा काढून ठेवा, कारण एक्स-रेचा डोस त्या खापराच्या हिशोबात मिसळतो आणि मग तारीख चुकते. खापर तसंच्या तसं दिसतं, पण ती माहिती गेली ती गेली, परत मिळत नाही. म्युझियमवाले हात आखडता घेतात ते उगाच नाही.

तर त्या दोघांना वेगवेगळं सांगितलं. तिला म्हटलं, तुझं फिजिक्स पक्कं आहे, तू आयसीटीपीच्या पुढच्या स्कूलला अर्ज टाक, फक्त त्याआधी काटोल रोडला जाऊन जुनापाणीची शिलावर्तुळं बघून ये, नंतर अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, एक दिवस काढ, नाहीतर मणी म्हणजे तुझ्यासाठी नुसता स्पेक्ट्रमच राहील. त्याला म्हटलं, तू युरोप सध्या सोड. तुझ्याकडे वस्तूंची ओळख आहे आणि परवानगी मागायला लागणारी माणसं आहेत, ते बाकी कोणाकडे नाही. सहा महिने इथेच गन आणि एक्सआरडीवर घाल, मग इंदूरचं प्रपोजल हिच्यासोबत मिळून लिही, प्रश्न तुझा आणि फिटिंग हिचं. ती लगेच म्हणाली की मग पहिला मणी कोणता घ्यायचा ते आत्ताच ठरवू, आणि दोघं माझ्याच टेबलावर लाल का निळा यावर तासभर वाद घालत बसले.