घोट्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन: पैसे मोजण्याआधी

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम रंगात आला की पेठापेठांत लंगडणारी पोरं दिसू लागतात. मुरगळून घोट्याचं लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, दुखावलेला असतो. त्यातले बहुतेक घोटे बर्फ, बेल्ट आणि व्यायामावर बरे होतात. तीन ते सहा महिने नीट फिजिओ करूनही सपाट रस्त्यावर पाय दुमडत असेल, तरच ऑपरेशनचा विचार करायचा. पाऊल हातानं पुढे ओढून दोन्ही घोट्यांची तुलना न करता, नुसत्या एमआरआयवर तारीख देणारे भेटले तर दुसरं मत घ्यावं.

आजही पहिली पसंती ब्रॉस्ट्रॉम-गूल्ड पद्धतीलाच. मूळ पद्धत स्वीडनच्या ब्रॉस्ट्रॉमची, १९६६ सालची. १९८० मध्ये गूल्डनं तिच्यात भर घातली. कमरेत भूल देतात आणि बाहेरच्या घोट्याशी चार-पाच सेंटिमीटरचा छेद घेतात. सैल पडलेलं एटीएफएल (घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं लिगामेंट), आणि लागलं तर त्याखालचं सीएफएल (टाचेच्या हाडाकडे जाणारं लिगामेंट), आखडून छोट्या अँकरनं, म्हणजे हाडात बसवायच्या खुंटीनं, हाडाला पुन्हा बांधतात. त्यावर शेजारचा जाड पडदा ओढून शिवतात, ती गूल्डची भर. गाठ मारताना पाऊल काटकोनात, किंचित बाहेर वळवून धरलेलं असतं. जादा ताणलं तर घोटा आखडतो. छेदाजवळून जाणाऱ्या नसेला धक्का लागला तर पावलाचा वरचा भाग बधिर राहतो. हे आधीच सांगणारा सर्जन चांगला.

ऑपरेशन फसतं ते बऱ्याचदा टाचेमुळे. पेशंटला पाठमोरं उभं करून बघा: टाच आत झुकलेली आहे का? जुनी कोल्हापुरी टाचेपासून करंगळीपर्यंत बाहेरच्याच कडेनं झिजलीय का? तसं असेल तर टाचेचं हाडही सरळ करावं लागतं, नाहीतर नवी शिवण पुन्हा ताणते. सांधे मुळातच लवचिक असलेल्यांना किंवा वजनदार पैलवानाला जोडीला टेप (आतून आधार देणारी मजबूत धाग्याची पट्टी) किंवा शरीरात दुसरीकडून घेतलेला स्नायूबंध (टेंडन) घालणं बरं. सरसकट सगळ्यांना टेप म्हणजे बिल फुगवणं, दुसरं काही नाही. कूर्चाला इजा असेल तर दुर्बिणीतून तीही त्याच वेळी बघून घ्यावी.

इस्टिमेट मागताना अँकर किती, कुठल्या कंपनीचे, टेप आणि दुर्बीण धरलीय का, हे लिहूनच घ्या. इम्प्लांटचे स्टिकर फाईलला लागलेले हवेत.

पुढचं वेळापत्रक साधारण असं: दोन आठवडे स्लॅब (अर्धं प्लास्टर), पायावर वजन अजिबात नाही. मग टाके काढून सहाव्या आठवड्यापर्यंत घोटा धरून ठेवणारा वैद्यकीय बूट, तीन महिन्यांपर्यंत लेसवाला ब्रेस. पाऊल आत वळवायला सुरुवातीला सक्त मनाई. घरात भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच भाड्यानं आणून ठेवा, उकिडवं बसणं लवकर जमत नाही. पुढे रबरी पट्ट्यानं पाऊल बाहेर ढकलणं आणि एका पायावर तोल सांभाळणं, हे दोन व्यायाम टाळणाऱ्यांचाच घोटा पुन्हा दगा देतो.

पेशंटची निवड बरोबर असेल तर या ऑपरेशनला पाचपैकी साडेचार गुण. अर्धा गुण कापला तो मैदानावर परतायला लागणाऱ्या चार ते सहा महिन्यांचा. तालमीच्या संघाचा मॅनेजर कितीही घाई करो, त्याआधी खेळाचे बूट चढवू नयेत.