जँगो मिडलवेअर: क्रमाला पक्कं, एररला फसवं

रिक्वेस्ट व्ह्यूपर्यंत (तिला उत्तर देणाऱ्या कोडपर्यंत) जाताना आणि रिस्पॉन्स परतताना मध्ये हात घालायचा, तर जँगो या पायथन वेब फ्रेमवर्कची मिडलवेअर ही सोय अजूनही सुटसुटीत वाटते. सेटिंग्जमधल्या मिडलवेअरच्या यादीत रिक्वेस्ट वरून खाली उतरते, रिस्पॉन्स खालून वर चढतो. म्हणून ऑथेंटिकेशन सेशनच्या खालीच हवं; उलटं ठेवलंत तर थेट ‘इम्प्रॉपर्लीकॉन्फिगर्ड’ एरर. एखाद्या थराने, म्हणजे मिडलवेअरने, ‘गेट_रिस्पॉन्स’ (रिक्वेस्ट पुढच्या थराकडे नेणारं फंक्शन) न बोलावताच उत्तर दिलं, की आतले थर आणि व्ह्यू वगळले जातात. मेंटेनन्सचं पान दाखवायला झकास.

गोम आहे ती ट्राय-एक्सेप्टमध्ये, म्हणजे एरर पकडणाऱ्या कोडमध्ये. ‘गेट_रिस्पॉन्स’भोवती ते घातलं तरी व्ह्यूमधलं एक्सेप्शन हाती लागत नाही, कारण जँगो प्रत्येक थरापाशी त्याचा आधीच रिस्पॉन्स करून टाकतं. तुमच्या हाती उरतो तो बहुधा ५०० (सर्व्हर एरर) कोडचा रिस्पॉन्स. लॉगिंग करायचंय? मग मिडलवेअरमध्ये ‘प्रोसेस_एक्सेप्शन’ ही मेथड लिहा. नवख्यांचे तास इथेच जातात, हे डिझाइन मला तरी पटत नाही.

स्ट्रीमिंग (तुकड्यातुकड्यांनी जाणाऱ्या) रिस्पॉन्सला ‘कंटेंट’ नसतो, तेव्हा आधी ‘स्ट्रीमिंग’ तपासा. असिंक (वाट पाहताना न अडकणारे) व्ह्यू असतील तर एकही सिंक (साधं, अडकून राहणारं) मिडलवेअर मध्ये नको, नाहीतर प्रत्येक रिक्वेस्टला थ्रेड बदलण्याचा भुर्दंड. ‘जँगो.रिक्वेस्ट’ लॉगर डीबगवर ठेवला की गुन्हेगार मिडलवेअर नावानिशी सापडतं.