'संपूर्ण सागवान' म्हणून घेतलेले फर्निचर : एक फसवणूक

पुण्यातील एका फर्निचर विक्रेत्याकडे आम्ही पलंग, जेवणाचे टेबल आणि सहा खुर्च्या करायला दिल्या, तेव्हा त्याने आमच्या हातात लाकडाचा एक नमुना ठेवला. तो तुकडा अस्सल होता. सोनेरी तपकिरी रंग, बोटांना जाणवणारा तेलकटपणा आणि कातड्यासारखा किंचित वास, असे जुन्या सागाचे सारे गुण त्यात होते. "हे बल्लारशाहचे सागवान, अयोध्येच्या मंदिराच्या दारांना गेले तेच," असे तो म्हणाला आणि अंदाजपत्रकावर त्याने स्वतःच्या हाताने 'संपूर्ण सागवान' असे लिहून दिले. अयोध्येच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील साग गेला, हे खरेच आहे. मात्र या खऱ्या गोष्टीच्या आधारावर त्याने आम्हाला खोटा माल विकला.

सामान घरी आले ते गडद रंगाच्या जाड पॉलिशमध्ये. पहिल्याच पावसाळ्यात खुर्च्यांखाली पिठासारखा बारीक भुसा पडू लागला आणि पायांवर टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसू लागली. ओळखीच्या सुतारमिस्त्रींनी एक खुर्ची उलटी करून बैठकीखालच्या पट्टीवर रंधा मारला, तर आतून फिकट, पांढुरके लाकूड निघाले. पुढे पलंगाच्या डोक्याकडील फळीला दिव्यासाठी भोक पाडताना वरचा सागाचा पातळ पापुद्रा सुटला आणि आत दाबलेला लाकडी भुसा दिसला. टेबलाचे पाय आणि पलंगाची पुढची पट्टी एवढेच काय ते खरे सागवान होते, म्हणजे गिऱ्हाईक ज्यावर हात फिरवून पाहते नेमके तेवढेच.

मिस्त्रींनी खुर्चीच्या बैठकीखालच्या त्या पट्टीचे टोक आडवे कापून जे दाखवले, ते प्रत्येक खरेदीदाराने पाहायला हवे. सागाच्या कापलेल्या टोकावर वाढीची वर्तुळे स्पष्ट दिसतात आणि प्रत्येक वर्तुळाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते, जी नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येते. आमच्या खुर्चीच्या लाकडात अशी रांग नव्हती, छिद्रे सगळीकडे सारखी विखुरलेली होती. ते रबराच्या झाडाचे लाकूड निघाले. चीक कमी झाल्यावर ही झाडे तोडतात आणि त्यांच्या लाकडात पिष्टमय पदार्थ भरपूर असल्याने बोरॉनची प्रक्रिया केली नाही, तर भुंगा त्यात चटकन शिरतो. प्रक्रिया केलेले रबराचे लाकूड योग्य भावात आणि त्याच्याच नावाने विकले तर माझी काहीही तक्रार नाही. संताप आहे तो सागाचे पैसे घेऊन ते रंगवून दिल्याचा.

अनेक जण वजनावरून साग ओळखायला सांगतात, पण त्यावर विसंबू नये. वाळलेला साग घनफुटाला साधारण 18 किलो भरतो आणि रबराचे लाकूडही त्याच्या फार मागे नसते. रंग पॉलिशने देता येतो, पापुद्र्यावरच्या रेषाही खऱ्याच असतात. फक्त कापलेले टोक तेवढे फसवत नाही, आणि म्हणूनच पॉलिशआधी सांगाडा पाहण्याची आमची विनंती विक्रेत्याने 'कारखाना लांब आहे' म्हणून टाळली असावी, असे मला आता ठामपणे वाटते.

जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "हा आफ्रिकन साग आहे." या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. घानासारख्या देशांतील लागवडीतून येणारा साग जातीने खरा साग असतो, मात्र तो बहुधा कमी वयात तोडलेला असल्याने त्यात बाहेरच्या पांढऱ्या लाकडाचे प्रमाण जास्त असते. याउलट इरोको हे वेगळ्याच झाडाचे लाकूडही 'आफ्रिकन टीक' म्हणून खपवले जाते. आमचे लाकूड या दोन्हींपैकी नव्हते. शिवाय साग टिकतो तो त्याच्या गाभ्यामुळे. मुंबईत 1817 मध्ये वाडियांच्या गोदीत सागवानातून बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडमध्ये आजही तरंगते आहे, पण त्याच झाडाच्या सालीलगतच्या पांढऱ्या भागाला कीड आणि वाळवी सहज लागते. त्यामुळे नुसते 'सागवान' एवढे लिहून घेणेही पुरेसे नाही. पांढरा भाग चालणार नाही आणि फळ्या भरीव हव्यात, हेही लिहून घ्यावे.

पक्क्या बिलावर त्याने फक्त 'लाकडी फर्निचर' असे छापले होते. सुदैवाने हाताने लिहिलेले अंदाजपत्रक, भुशाची छायाचित्रे आणि कापलेली पट्टी आमच्याकडे होती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवून लेखी नोटीस पाठवल्यावर विक्रेत्याने खुर्च्या परत नेल्या आणि त्यांचे पैसे दिले. पलंगाबाबत मात्र तो 'फळीवर सागच आहे' एवढेच म्हणत राहिला आहे, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी आम्ही कागद तयार करीत आहोत. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तेथे दाद मागावी लागते, त्यामुळे ज्यांच्या घरी असा भुसा पडू लागला असेल त्यांनी तो झाडून टाकण्याआधी तारखेसह छायाचित्र काढून ठेवावे.