डिकीतला एक फॅरड : आठ महिन्यांनंतर

गाडीतल्या सबवूफरने (बेसच्या मोठ्या स्पीकरने) दणका दिला की हेडलाइट लुकलुकायचे. दुकानदार म्हणाला, "साहेब, एक फॅरडचा कॅपॅसिटर टाका, विषय संपला." कॅपॅसिटर म्हणजे थोडी वीज साठवून झटकन देणारा डबा, फॅरड हे त्याचं माप. साडेतीन हजार मोजले. विषय काही संपला नाही.

लुकलुक थोडी कमी झाली, हे खरं. ढोलाचा एकेक टोल स्वच्छ वाजतो. पण लांबलचक बेस लागला की दिवे परत मंद. कारण साधं आहे. १४.४ व्होल्टवरून १२ वर येईपर्यंत एक फॅरड जेमतेम ३२ ज्यूल देतो. माझा ५०० वॅटचा अँप (अँप्लिफायर) पूर्ण आवाजात साडेसहाशे वॅट तरी ओढत असेल. म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, बस. मग रिकाम्या कॅपॅसिटरला भरायचं कोणी? त्याच अल्टरनेटरने, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या जनरेटरने! नळालाच धार नसेल तर मोरीत आणखी एक तांब्या ठेवून काय होणार? संध्याकाळी सिंहगड रोडला एसी आणि दिवे लावून, इंजिन आयडलिंगवर ठेवून रांगेत उभं राहा, लगेच कळतं.

शेवटी बुधवार पेठेतून मल्टिमीटर आणला आणि अँपच्या टर्मिनलवर लावला. दणक्याला ११.६ व्होल्ट! अर्थची वायर बघितली, तर फिटरने ती चक्क रंगावरच आवळलेली. पत्रा घासून उघडा केला, बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीपर्यंत आणि इंजिनपासून बॉडीपर्यंत जाड तांब्याच्या वायरी टाकल्या. गाडी जरा रेझ केल्यावर आता १३ च्या खाली जात नाही. खर्च कॅपॅसिटरच्या निम्मासुद्धा नाही. हे आधी कोणी सांगितलं असतं तर!

बसवणाऱ्यांसाठी: रिकामा कॅपॅसिटर थेट बॅटरीला जोडू नका. आमच्या फिटरने जोडला. ठिणगी अशी उडाली की टर्मिनलवर खड्डा पडला. पॉझिटिव्हच्या वायरीत १२ व्होल्टचा बल्ब घालून भरा. तो आधी लख्ख पेटतो, मग हळूहळू विझतो. विझला की जोडा. काढतानाही त्याच बल्बने रिकामा करा. बॅटरी सोडवली तरी हा भरलेलाच असतो, पाना जपून.

आणि कॅपॅसिटरवरचे ते व्होल्टचे निळे आकडे! रिमोटची वायर (स्टिरिओ बंद झाला की डिस्प्लेही बंद करणारी) जोडलीच नव्हती, त्यामुळे डिस्प्ले रात्रंदिवस चालू. दहा दिवस गावाला जाऊन आलो तर बॅटरी डाउन, सोसायटीत धक्का मारायला माणसं गोळा करावी लागली.

कॅपॅसिटर अजून डिकीतच आहे. मध्यंतरी आठवडाभर काढून पाहिला; मीटरवर दणक्याला फरक ०.२ व्होल्टचा, कानाला शून्य. परत बसवला तो केवळ शेजारच्या पोरांना आकडे आवडतात म्हणून.