कार ॲम्प्लिफायर किती करंट घेतो? डीसी क्लॅम्प मीटरचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या गाडीत ५०० वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणाऱ्या पॉवरचा) क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा स्विचिंग प्रकार) मोनो ॲम्प्लिफायर आणि ४ ओहमचा सबवूफर (खोल आवाजाचा स्पीकर) आहे. ॲम्प्लिफायर किती करंट ओढतो याचा अंदाज कागदावर बांधता येतो, पण तो पडताळून पाहण्यासाठी मी डीसी क्लॅम्प मीटर (वायर न तोडता, तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणारे उपकरण) घेतला आणि काही महिने नियमितपणे वापरला. वायर, फ्यूज आणि अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा, बॅटरी चार्ज करणारा जनित्र) यांचा निर्णय एकाच आकड्यावरून घेऊ नये, असे माझे मत या वापरातून पक्के झाले.

आधी कागदावरचे गणित. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली ‘मॅक्स पॉवर’ बाजूला ठेवावी आणि आरएमएस आकडा घ्यावा. तो सीटीए-२००६ मानकानुसार, म्हणजे १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्का डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती) या अटींवर मोजलेला असेल तर उत्तम. क्लास डीची कार्यक्षमता पूर्ण क्षमतेवर सुमारे ८० टक्के धरली, तर ५०० वॅट बाहेर देण्यासाठी ६२५ वॅट आत घ्यावे लागतात आणि १३.८ व्होल्टला हा करंट साधारण ४५ अँपिअर होतो. तेवढ्याच वॅटचा क्लास एबी (जास्त वीज उष्णतेत घालवणारा पारंपरिक प्रकार) ॲम्प्लिफायर ५५ टक्के कार्यक्षमतेने ६६ अँपिअरच्या घरात जातो. ॲम्प्लिफायरवरच्या फ्यूजची बेरज हाच त्याचा करंट, असे अनेक जण मानतात. प्रत्यक्षात ती बेरज फार तर वरची मर्यादा सांगते.

मीटर घेताना तो हॉल सेन्सरचा (स्थिर चुंबकीय क्षेत्रही ओळखणारा), डीसी मोजणारा आहे याची खात्री करावी, कारण साधा एसी क्लॅम्प बॅटरीच्या वायरवर काहीच दाखवत नाही. जबड्यात पॉझिटिव्ह किंवा अर्थ (निगेटिव्ह) यांपैकी एकच वायर घ्यावी. दोन्ही घेतल्या तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात आणि आकडा शून्यावर येतो. मी चाचणीसाठी ५० हर्ट्झचा साइन टोन वापरला, कारण या वारंवारतेला साधा मल्टिमीटरही एसी व्होल्टेज नीट मोजतो. स्पीकरच्या टर्मिनलवर ४४.७ व्होल्ट म्हणजे ४ ओहमला ५०० वॅट. तेवढे व्होल्टेज येईपर्यंत आवाज चढवला, तरी क्लॅम्प मीटरवर करंट ३० अँपिअरच्या आसपासच दिसला. याचे कारण सबवूफरमध्ये आहे: ‘४ ओहम’ हा नाममात्र आकडा असतो, पेटीत बसवल्यावर त्याचा इम्पीडन्स (एसी करंटला होणारा एकूण विरोध) वारंवारतेप्रमाणे बदलतो आणि रेझोनन्सजवळ, म्हणजे स्पीकरच्या नैसर्गिक कंपन-वारंवारतेजवळ, कितीतरी पटींनी वाढतो. ५० हर्ट्झला तो सुमारे ६ ओहम धरला की ३० अँपिअरचा हिशेब बरोबर जुळतो. ही चाचणी मात्र काही सेकंदांतच आटपावी, नाहीतर व्हॉइस कॉइल (स्पीकरमधली तारेची गुंडाळी) तापून जळण्याची भीती असते.

गाणी लावल्यावर चित्र आणखी बदलते. मोठ्या आवाजातही मीटर बहुतेक वेळ ८ ते १२ अँपिअर दाखवतो, कारण संगीतात सतत पूर्ण वॅट लागत नाहीत. त्याची सरासरी पूर्ण क्षमतेच्या एक अष्टमांश ते एक तृतीयांश इतकी धरतात. ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला करंट क्षणभर खूप वर जातो, पण मीटरचा डिस्प्ले सेकंदाला दोन-तीनदाच बदलत असल्यामुळे ते शिखर त्याच्या हाती लागत नाही. म्हणून सरासरीसाठी मीटरवर आणि शिखरासाठी गणितावर भरवसा ठेवावा.

वायर आणि फ्यूज मी शिखराच्या ४५ अँपिअरवरून निवडले. २१ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या ५ मीटर वायरमध्ये या करंटला ०.१८ व्होल्टची घट होते. ८ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ती अर्ध्या व्होल्टच्या जवळ जाते. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियम वायरचा रोध सुमारे दीडपट असतो, त्यामुळे त्याच कामाला ती जाड घ्यावी लागते. मुख्य फ्यूज वायरच्या संरक्षणासाठी असतो, म्हणून तो बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा.

मीटरबद्दल दोन तक्रारी आहेत. त्याचा शून्य बिंदू तापमानाप्रमाणे सरकतो आणि प्रत्येक मोजणीआधी झिरोचे बटण दाबावे लागते. शिवाय १ अँपिअरखालच्या आकड्यावर विसंबता येत नाही. गाडी बंद असताना होणारी मिलिअँपिअरची गळती शोधायला मल्टिमीटर सीरिजमध्येच (वायर सोडवून, करंटच्या वाटेत) जोडावा लागतो.

सर्वाधिक उपयोग झाला तो बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरवर क्लॅम्प लावून. जबड्यावरचा बाण बॅटरीकडे ठेवला की चार्जिंगच्या वेळी आकडा धन आणि बॅटरीतून करंट बाहेर पडू लागला की ऋण दिसतो. इंजिन आयडलवर, हेडलाइट व एसी चालू आणि आवाज मोठा असताना माझ्याकडे तो ऋण होतो, कारण कमी फेऱ्यांवर अल्टरनेटर आपली पूर्ण क्षमता देत नाही; फेऱ्या थोड्या वाढवल्या की तो पुन्हा धन होतो. मोठा अल्टरनेटर किंवा दुसरी बॅटरी घेण्याचा विचार असलेल्यांनी आधी एवढी एक मोजणी करून पाहावी.