पांढरीचा सर्वे: कृष्णाकाठच्या काळ्या रानात कोणती जोडी, माण-जतच्या माळावर कोणती

पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचं फिकट मातीचं टेकाड. खाली काय गाडलंय ते न खणता शोधायला तिचा सर्वे करायचा ठरला की आधी चर्चा मशिनची होते. सातारा-सांगलीत कोणतं मशिन न्यायचं याचं उत्तर माती देते. कराड-वाळव्याचं काळं रान आणि माण, खटाव, आटपाडी, जतचा मुरमाड माळ, दोन्हीखाली बेसॉल्ट हा काळा खडकच आहे. तरी एकीकडे चालणारी पद्धतींची जोडी दुसरीकडे पैसे बुडवते.

रान चालून खापरं टिपणं मात्र कुठेच टळत नाही. 10 मीटर अंतर ठेवून ओळीत चालायचं. खापरं दाट लागली की 5 × 5 मीटरचे चौकोन आखून मोजणी. माळावर पीक निघालं की जमीन उघडीच असते. ऊसपट्ट्यात तोडणी होऊन पाचट हलल्यावर आणि खोडवा अंगावर यायच्या आत, एवढीच सवड. प्रत्येक चौकोनात किती टक्के जमीन दिसत होती ते लिहून ठेवा, नाहीतर पाचटाखाली झाकलेला चौकोन नकाशावर ‘रिकामा’ म्हणून उमटतो.

आणखी एक गोम आहे. पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे वस्तीपासून लांबच्या रानातही खापरं सापडतात. झिजलेले, बारीक तुकडे सगळीकडे सारखे विखुरलेले असतील तर खताचा संशय घ्या. मोठे तुकडे, राख, हाडं आणि भाजलेली माती एका जागी असेल तरच मशिनचा विचार करा.

चालण्याला ड्रोन जोडावा तो नांगरट झालेल्या कोरड्या रानावर, एप्रिल-मेमध्ये. 60 मीटरवरून साधारण दोन सेंटिमीटरचा पिक्सेल मिळतो आणि पांढरीचा फिकट डाग स्पष्ट उठतो. उभ्या उसावरून उडवलात तर उसाच्या शेंड्यांचा नकाशा हाती येईल. उड्डाणाआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावर झोन बघून घ्या.

आता खरी निवड: मॅग्नेटोमीटर (जमिनीच्या चुंबकत्वातला फरक मोजणारा) की रेझिस्टिव्हिटी (जमीन विजेला किती अडवते ते मोजणारी)? मॅग्नेटोमीटर झपाट्याने काम उरकतो. भट्टी, चुली, लोखंड गाळून उरलेली मळी शोधायला त्याला तोड नाही. पण बेसॉल्ट स्वतःच चुंबकीय आहे. माळावर विखुरलेले धोंडे शेकडो नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) दाखवतात. कचऱ्याने भरलेल्या जुन्या खड्ड्याचे पाच-दहा त्यात बुडून जातात. काळ्या मातीचा थर जाड असेल तर खडक खोल राहतो आणि चित्र बरंच साफ येतं. तिथे अडचण सरी-वरंब्याची: सेन्सरची उंची खाली-वर होते आणि नकाशावर सरीचेच पट्टे येतात. सपाट रान मिळेपर्यंत थांबलेलं बरं. मोटारीची पेटी, तारेचं कुंपण, विहिरीवरची लोखंडी जाळी यांच्यापासून लांब राहा.

रेझिस्टिव्हिटी संथ. 20 × 20 मीटरच्या चौकोनात मीटरमीटरला वाचन घेतलं तरी 400 वाचनं होतात. पण काळ्या मातीतला दगडी पाया ती चांगला पकडते, कारण चिकण माती वीज वाहू देते आणि दगड अडवतो. वाचनासाठी रोवायच्या धातूच्या दोन खुंट्यांमध्ये अर्धा मीटर अंतर ठेवलं तर साधारण अर्धा-पाऊण मीटर खोलीचं दिसतं. जागा न बदलणाऱ्या दुसऱ्या दोन खुंट्या किमान 15 मीटरवर रोवा. काम वाफशावर करा. मेमध्ये भेगा पडलेल्या जमिनीत खुंटीला ओल मिळत नाही आणि आकडे उड्या मारतात. भर पावसात दगड-मातीचा फरकच पुसट होतो.

जीपीआर, म्हणजे जमिनीत रेडिओ लहर सोडून पाहणारं रडार, महाग आणि दिसायला रुबाबदार. ओल्या काळ्या मातीत त्याची लहर अर्ध्या मीटरच्या आतच विरते, तेव्हा तिथे तो भाड्याने आणूच नये. किल्ल्यावरची फरसबंदी, देवळाचं अंगण, कोरडा मुरूम इथे 400 मेगाहर्ट्झचा अँटेना उपयोगी पडतो.

म्हणून काळ्या रानात चालणं, ड्रोन, मग पूर्ण टेकाडावर मॅग्नेटोमीटर आणि त्यातल्या निवडक तीन-चार चौकोनांवर रेझिस्टिव्हिटी. माळावर चालणं आणि ड्रोन यांवरच भर. जीपीआर फक्त भिंतीचा संशय असेल तिथे. मॅग्नेटोमीटर माळावर न्यायचा तो भट्टी किंवा मळीचा पुरावा वर दिसला असेल तरच. एकच गुण मोजणारी दोन मशिनं जोडण्यात अर्थ नाही. एक भाजलेलं दाखवतं, दुसरं दगड आणि ओल, म्हणून ही जोडी जमते.

सगळ्यांचे चौकोन एकच हवेत. हातातला जीपीएस तीन ते पाच मीटर चुकतो, तेवढ्यात भिंत शेजारच्या चौकोनात जाते. आरटीकेने (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएसने) कोपरे ठरवा. बांधावरची खुंटी पुढच्या नांगरटीत जाते, त्यामुळे विहिरीच्या कठड्यावर किंवा देवळाच्या जोत्यावर दोन कायमचे बिंदू घ्या. आणि चाचणीचा छोटा खड्डासुद्धा उत्खननच. रीतसर परवाना येईपर्यंत कुदळ गाडीतच ठेवा.